हे घर कुणाचं? शरीर, श्रद्धा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची. ३२ वर्षं नर्स होते, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गंमत अशी की वॉर्डात लोक मला देवाचे प्रश्न विचारायचे आणि वर्गात बीपी-शुगरचे. दोन्हीकडे फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मी कॅथलिक आहे, त्यामुळे नियमांबद्दल लिहिलंय ते कॅथलिक चर्चचं. बाकीचं कुठल्याही ख्रिस्ती घरात चालावं.

शरीर हे देवाचं मंदिर आहे, असं बायबलमध्ये नेमकं कुठं म्हटलंय?

येशूचा प्रेषित संत पौल यानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या शेवटी, १९ आणि २० व्या वचनांत. सार असं: तुमचं शरीर तुमच्यात राहणाऱ्या पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन तुम्हाला विकत घेतलंय, तेव्हा शरीरानं देवाचा गौरव करा.

हे वचन आपण कॅलेंडरवर वाचतो, म्हणून ते गुळगुळीत वाटतं. मूळ पत्र वाचलं तर दचकायला होतं. करिंथ म्हणजे बंदराचं गाव, एक सोडून दोन बंदरांचं. पश्चिमेला लेखेयम, पूर्वेला किंख्रिया, मधे चिंचोळी जमीन, आणि एका समुद्राचा माल दुसऱ्या समुद्राकडे नेणारे हमाल, खलाशी, दलाल. रोमनांनी इ.स.पूर्व १४६ मध्ये हे शहर बेचिराख केलं होतं. इ.स.पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरनं ते पुन्हा वसवलं, आणि वसायला आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ होते. माणसाला 'मोल देऊन विकत घेणं' म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा गावात मंडळीतले, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातले, काही पुरुष वेश्यांकडे जात होते, आणि वर समर्थन करत होते की 'आम्हाला सगळं चालतं'. अन्न पोटासाठी, पोट अन्नासाठी, दोन्ही एक दिवस नष्ट होणार, मग शरीरानं काही केलं म्हणून आत्म्याला काय लागतं? पौलाचं उत्तर या युक्तिवादाला आहे. इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास एफेसहून लिहिलेल्या या पत्रात तो सांगतो, की शरीर फेकून द्यायचं टरफल नाही, कारण आत कुणीतरी राहतंय. वजन, सिगारेट, टॅटू यांपैकी काहीच तिथे त्याच्या डोक्यात नव्हतं. आपण हे वचन त्या सगळ्याला लावतो. लावावं, पण मूळ भांडण कशावरून होतं ते विसरू नये.

'मंदिर' म्हणजे चर्चसारखी इमारत समजायची का?

ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. 'हिएरोन' म्हणजे आवार, मंडप, ओवऱ्या सगळं धरून देवस्थान. 'नाओस' म्हणजे आतली वास्तू. पौलानं इथे 'नाओस' वापरलाय. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे: गाभारा. पौल लिहीत होता तेव्हा यरुशलेमचं मंदिर उभं होतं, ते इ.स. ७० मध्ये पडलं. त्याच्या अगदी आतल्या परमपवित्रस्थानात महायाजक वर्षातून एकदाच जायचा. तो मान पौल कुणाला देतोय, तर मासळीबाजारात घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगाला.

मग 'माझं शरीर, माझं मंदिर' असं म्हणणं बरोबर ना?

अर्धंच. इथे आपली मराठी जरा घोळ करते. 'तुम्ही' आपण एकट्या माणसालाही आदरानं म्हणतो, त्यामुळे ते वचन ऐकताना वाटतं की फादर माझ्याशी बोलतायत. ग्रीकमधलं 'तुमचं' मात्र निखळ अनेकवचनी आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, १६ व्या वचनात, पौल पूर्ण मंडळीलाच देवाचं मंदिर म्हणतो. आणि जो कुणी ते मोडेल त्याला कडक इशाराही देतो.

म्हणजे माझा गाभारा जपायचा आणि शेजारणीच्या गाभाऱ्यात पाणी गळतंय तिकडे बघायचं नाही, असं होत नाही. माझ्या मते या वचनाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. आपण ते स्वतःला सजवायला वापरतो, नाहीतर दुसऱ्याला टोचायला. एका मुलीला तिच्या जाडीवरून 'मंदिराची काय दशा केलीस' असं म्हटलेलं मी चर्चच्या पायरीवर ऐकलंय. ती पुढचे काही महिने मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर, खांबाआड बसायची.

पण बायबल 'देहवासना' वाईट म्हणतं. म्हणजे शरीर पापीच ना?

पौल दोन शब्द वापरतो. 'सोमा' म्हणजे शरीर, 'सार्क्स' म्हणजे देहस्वभाव, देवाकडे पाठ फिरवून जगणारं माणसाचं सगळं वागणं. गलतीकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात 'देहाच्या कर्मां'ची यादी दिलीय तीत मत्सर, भांडणं, तट पाडणं हेही आहे. तट काही हातापायांनी पडत नाहीत. तेव्हा 'देह वाईट' असं वाचलं की थांबून विचारावं, इथे शरीर म्हणायचंय की स्वभाव?

उलट योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येतं, की शब्द (म्हणजे येशू) देही झाला आणि त्यानं आमच्यात वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकला असा आहे. मला 'वस्ती' हा आपला मराठी शब्द जास्त आवडतो. कोकणात वस्तीची एसटी असते ना, शेवटची गाडी येते ती परत जात नाही, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच मुक्काम करतात, डास चावले तरी तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी तीच निघते. देव असा राहायला आला, असं मी मुलांना सांगते. हसतात, पण विसरत नाहीत.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात) डायबेटिसवाल्यानं उपवास करावा का?

आधी नियम. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे: एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं नाही. हे बंधन १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करायचं ते १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांनी उपवासाचा हट्ट धरायचा नसतो. कम्युनियनआधीचा, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याआधीचा, उपवास एका तासाचा, त्यात पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तो तासही लागू नाही.

आता अनुभव. एका गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेच्या (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत चालायच्या प्रार्थनेच्या) नवव्या स्थानाशी माझ्या पुढचा माणूस डोलायला लागला. शर्ट पाठीला चिकटलेला, बोटं थरथरतायत, विचारलं ते कळत नाहीये. सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेतलं होतं आणि पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्याच्या बायकोनं पर्स उपडी केली, त्यात रोझरी, चाव्या आणि तळाशी दोन लिमलेटच्या गोळ्या सापडल्या. त्या चघळायला दिल्या, मग कुणीतरी साखरेचं पाणी आणलं. पंधरा मिनिटांनी तो मला म्हणाला, ''सिस्टर, उपवास मोडला माझा.'' मी म्हटलं, ''मोडला नाही, लागूच नव्हता.''

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. टीव्ही सोडा, मोबाइल सोडा, सुनेशी धरलेला अबोला सोडा. त्यानं शुगर उतरत नाही.

आणि एक, जाता जाता. मांस वर्ज्य म्हणून शुक्रवारी मासे खायला नियमाची हरकत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर पापलेटाचं कालवण आणि वर तळलेली कोळंबी याला प्रायश्चित्त म्हणायला जीभ धजत नाही.

येशूनं काना गावी द्राक्षारस केला. मग लग्नात दोन पेग घेतले तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला नेहमी मांडवातच, आणि दुसऱ्या पेगनंतर विचारला जातो.

बायबल दारूला सरसकट बंदी करत नाही, खोटं कशाला सांगू. पण कानातले पाण्याचा द्राक्षारस झालेले सहा दगडी रांजण सगळ्यांना पाठ असतात आणि नीतिसूत्रांचा २३ वा अध्याय कुणालाच आठवत नाही. त्यात दारुड्याचं वर्णन आहे: डोळे लाल, विनाकारण जखमा, आणि भर समुद्रात डोलकाठीच्या शेंड्यावर आडवा झालेल्या माणसासारखी अवस्था. होडीवर गेलेल्या कुणालाही विचारा, डोलकाठीच्या टोकावर झोपणं म्हणजे काय.

वॉर्डात मी पोटात पाणी भरलेले, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले चाळिशीतले पुरुष पाहिले. त्यांतल्या एकानंही सुरुवातीला 'मी दारुडा आहे' असं सांगितलं नाही. सगळे 'लग्नकार्यात घेतो' म्हणायचे. आपल्याकडे लग्नकार्यं किती असतात ते मोजा: साखरपुडा, हळद, लग्न, बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, चर्चचा सण. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी दारू हा आजार आहे. त्याला वचन ऐकवून भागत नाही, उपचार लागतो, आणि घरच्यांनाही आधार लागतो.

तंबाखूबद्दल बायबल काय म्हणतं?

काहीच नाही. तंबाखू अमेरिकेतली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. पौलाला ती माहीतच नव्हती.

मला बोलायचंय ते मशेरीबद्दल. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो खमंग वास माझ्या लहानपणीच्या सकाळींचा वास आहे, त्यामुळे मी तुच्छतेनं बोलत नाही. आजीला ते दात घासणं वाटायचं, व्यसन नाही. पण हिरडीला पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. आरशासमोर उजेडात गाल बाजूला ओढून बघायला दोन मिनिटं लागतात.

टॅटू काढला तर पाप लागतं का?

नाही. लेवीय १९:२८ मधली मनाई मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेण्याच्या जुन्या रिवाजाशी जोडलेली आहे. सुई नवी आहे ना ते बघा.

पाळी चालू असताना चर्चमध्ये जावं का? कम्युनियन घ्यावं का?

हो. दोन्ही.

मुली हा प्रश्न वर्ग संपल्यावर, बाकी सगळे गेल्यावर, चपला घालता घालता विचारतात, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. लेवीयच्या १५ व्या अध्यायात रक्तस्रावाबद्दल शुद्ध-अशुद्धतेचे नियम आहेत. येशूच्या काळी ते पाळले जात. मार्कच्या पाचव्या अध्यायात एक बाई येते, १२ वर्षं रक्तस्राव होत असलेली, वैद्यांवर सगळा पैसा घालवून बसलेली. त्या नियमाप्रमाणे तिनं कुणाला शिवायचं नाही. ती गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो, तिला सगळ्यांसमोर बोलू देतो, आणि 'मुली' अशी हाक मारतो. विटाळ झाला म्हणून झटकत नाही.

ज्याला पौल गाभारा म्हणतो ते शरीर महिन्यातले चार दिवस गाभारा राहत नाही, असा नियम चर्चमध्ये नाही. आजी-मावशी 'बाजूला बस' म्हणाल्या तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांनाही कुणीतरी बाजूला बसवलं होतं. पण तुम्ही जा. आणि रक्तस्राव फार होत असेल, महिन्यातून दोनदा होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. १२ वर्षं थांबू नका.

नवरा मारतो. सहन करणं म्हणजे आपला क्रूस वाहणं, असं घरचे म्हणतात.

नाही. जो तुमच्यावर हात उचलतो तो देवाच्या वस्तीवर हात उचलतो. क्षमा करणं वेगळं, आणि मार खायला तिथेच राहणं वेगळं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तो ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. फादरशी बोला, पण आधी सुरक्षित जागी जा.

मी दिवसभर राबते. स्वतःसाठी वेळ काढणं स्वार्थीपणा नाही का?

आमच्याकडच्या बायका फुलं आणि भाजी घेऊन पहाटेच्या लोकलनं दादरला जायच्या, काही अजून जातात. तीनला उठायचं, टोपली डोक्यावर, दुपारी परत येऊन स्वयंपाक, संध्याकाळी वाडीत पाणी. माझी आई त्यांतलीच. तिच्या गुडघ्यांचं दुखणं आम्हाला कळलं तेव्हा ती जिना बसून उतरायला लागली होती.

अशा वेळी मी एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगते. पहिल्या राजे पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो ना उपदेश करायला, ना रागवायला. हात लावून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून परत खायला घालतो. देवाचा पर्वत, मंद वाणी वगैरे सगळं त्यानंतर.

मन खचलंय, झोप उडालीय, जगू नये असं वाटतंय, असं दोन आठवड्यांवर चाललं असेल तर त्याला अश्रद्धा म्हणू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जगू नये असं मनात आलं असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा. घराची कौलं आपण दर वर्षी पावसाआधी चाळून घेतो. गळायला लागल्यावर शिडी शोधत नाही.

बांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरी चर्चमधल्या मरियामातेला) लोक मेणाचे पाय वाहतात. ही अंधश्रद्धा नाही का?

८ सप्टेंबरच्या सणानंतर तिथे आठवडाभर जत्रा भरते. मेणाचे हात, पाय, बाहुली, घर, सगळं स्टॉलवर मिळतं, आणि वाहायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. मेणानं गुडघा बरा होतो असं समजलं तर ती अंधश्रद्धाच. पण मला त्यात एक गोष्ट भावते: माणूस तिथे 'माझ्या आत्म्याला शांती दे' असं गोलमाल मागत नाही. हा गुडघा, डावा, असं म्हणतो. अवयवाचं नाव घेऊन केलेली प्रार्थना मला प्रामाणिक वाटते.

मेणाचा पाय वाहा आणि खऱ्या पायाचा एक्स-रे काढा. कॅथलिक बायबलमधल्या बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय सांगतो की वैद्याला मान द्यावा, औषधं देवानंच जमिनीतून उगवली. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता.

मृत्यूनंतर अवयवदान किंवा दहन केलं तर पुनरुत्थानाचं काय?

जो मातीतून माणूस घडवू शकतो त्याला राखेची अडचण पडत नाही. कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहनाला परवानगी दिलीय, दफन अधिक पसंत आहे इतकंच. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात, समुद्रात विसर्जित करू नयेत. अवयवदानाचं तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात कौतुकच केलंय.

अंथरुणाला खिळलेलं, मलमूत्राचं भान नसलेलं शरीरही मंदिर कसं?

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला होत्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. वळवताना त्यांचा एक हात माझ्या पदराला धरून असायचा. शेवटी नाव विसरल्या, माणसं विसरल्या, पण तळपायाला खोबरेल तेल लावलं की डोळे मिटून 'जय जय' म्हणायच्या. पुनरुत्थित येशूच्या हातांना खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि त्या हातांनी त्यानं किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना मासे भाजून दिले. व्रण पुसून नवंकोरं शरीर त्यानं घेतलं नाही. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

रिकामं घर लवकर पडतं हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईकरांनी कुलूप लावलं की दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. माणूस राहता असला की भिंतीला पोपडे धरले तरी घर उभं राहतं.

आजाऱ्याकडे फादर कम्युनियन घेऊन येणार असतील तर काय तयारी करायची?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बहुतेक ठिकाणी घरोघर येतात. एक छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, अगदी लहान तुकडा देतात. बाजूला पाण्याचा पेला आणि चमचा हवाच. पंखा बंद करा, नाहीतर मेणबत्ती विझते. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) हवा असेल तर तसं आधी कळवा. तो फक्त मरणाऱ्यांसाठी नसतो, मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो. आणि आजाऱ्याला उठवून बसवल्यावर कवळी बसवायला विसरू नका. आमच्याकडे एकदा फादर दारात उभे होते आणि सगळं घर कवळी शोधत होतं. ती उशीखाली निघाली.